जास्त फिरलेली एसयूव्ही घेताय? आकड्याला घाबरू नका, हिशेब मागा

घरात माणसं वाढली की छोट्या गाडीत आधी सामान मावेनासं होतं, मग माणसं. आजोबांना पुढची सीट, मुलांना खिडकी आणि मधे बसणाऱ्याच्या मांडीवर डबे, असा प्रवास दोन-तीनदा झाला की 'आता मोठी गाडी बघू या' हा विषय निघतोच. नव्या सात आसनी एसयूव्हीची किंमत ऐकली की तो तितक्याच लवकर बंदही होतो. मग कुणीतरी सांगतं, तशीच गाडी सात-आठ वर्षं जुनी घेतली तर बरीच स्वस्त पडते. फक्त ती थोडी जास्त फिरलेली असते.

या 'थोडी जास्त'पाशी बरेच जण अडखळतात. काही जण मीटरवर १,६०,००० बघूनच मागे फिरतात. काही जणांना त्याच वयाची ५५,००० किलोमीटरची गाडी दिसते, आणि मीटर खरंच बोलतोय असं धरून ते जास्त पैसे मोजतात. दोन्हीकडे चूक एकच आहे: निर्णय मीटरच्या आकड्यावर सोडलेला असतो.

आठ वर्षांत १,६०,००० म्हणजे वर्षाला २०,००० आणि दिवसाला साधारण ५५ किलोमीटर. हा काही अचाट आकडा नाही. पुण्यात राहून महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन येणाऱ्याचे नुसत्या त्या फेऱ्यांचेच वर्षाला सोळा-सतरा हजार होतात. आता दुसऱ्या बाजूने बघा. हायवेवर तासाला सरासरी ७० च्या वेगाने चाललेली गाडी १,६०,००० किलोमीटर जाते तेव्हा तिचं इंजिन सुमारे २,३०० तास चाललेलं असतं. शहराच्या कोंडीत तासाला २० च्या सरासरीने फक्त ८०,००० किलोमीटर गेलेल्या गाडीचं इंजिन मात्र ४,००० तास चाललेलं असतं. क्लच, ब्रेक आणि गिअर यांची झीज वेगळीच. म्हणजे निम्मी फिरलेली गाडी जास्त थकलेली असू शकते.

म्हणून किलोमीटर हा दोष धरू नका. ज्या किलोमीटरांचा हिशेब लागत नाही, तो दोष. ते किलोमीटर कुठे झाले, त्या काळात ऑइल किती वेळा बदललं, कुठलं मोठं काम झालं आणि कुठलं बाकी आहे, याची उत्तरं मिळाली तर दीड-दोन लाख फिरलेली गाडी कुटुंबाची वर्षानुवर्षं सोबत करू शकते. ती मिळाली नाहीत तर चकचकीत पॉलिश केलेली कमी फिरलेली गाडीही महागात पडते.

आधी स्वतःचा वापर तपासा

गाडी बघायला जाण्याआधी घरात बसून आपलं रोजचं रनिंग मोजा. मुलांची शाळा, ऑफिस आणि मंडई एवढंच रनिंग असेल, म्हणजे एका वेळी पाच-सात किलोमीटर, तर डिझेल एसयूव्ही तुमच्यासाठी नाही. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानक लागू झालं. या मानकाच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग चालावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो. मोठीच गाडी हवी असेल आणि वापर शहरातला असेल तर पेट्रोल बघा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. एसयूव्ही उंच आणि दणकट दिसते म्हणून ती सुरक्षित असेलच असं नाही. एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग २०१९ मध्ये सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच एसयूव्हींच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये यातलं काहीच नसायचं. त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव ऐकून होकार देऊ नका, व्हेरिएंट विचारा. तिसऱ्या रांगेत मुलं बसणार असतील तर तिथले पट्टे ओढून, लावून बघा. आजींना गाडीत चढता येतं का, हेही त्याच दिवशी कळू दे.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी आवडून गेली की कागदांमधल्या खोटी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून फोनवर बोलतानाच आरसीचा फोटो मागवा आणि परिवहन खात्याच्या एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. हे तपासा:

• कितवा मालक: आठ वर्षांत एक-दोन मालक ठीक. चार मालक झाले असतील तर प्रत्येकाने ती का विकली, हा प्रश्न उरतो.

• आधी टॅक्सी होती का: पिवळ्या नंबरप्लेटची गाडी रीतसर खासगी करता येते आणि त्यात बेकायदा काही नाही. पण ती गोष्ट तुम्हाला सांगितलेली असली पाहिजे आणि किमतीत दिसली पाहिजे.

• बँकेचा बोजा: आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवेत. 'हप्ते संपलेत, कागद नंतर देतो' यावर पैसे देऊ नका.

• थकलेली चलनं: ई-चलनाची थकबाकी व्यवहाराआधी मालकाने भरावी.

• विमा: चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते बघा. क्लेम न घेतल्यास तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मालक म्हणतो 'साधा ओरखडाही नाही' आणि बोनस शून्य असेल, तर कारण विचारा. मध्ये क्लेम घेतला गेला असेल किंवा पॉलिसी खंडित झाली असेल.

• चासी आणि इंजिन नंबर: आरसीवरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः, अक्षर अन् अक्षर जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. तेव्हा बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना पुढचा खर्चही आजच धरा.

मीटर खरं बोलतोय का?

मीटर मागे फिरवणं आजही चालतं. डिजिटल मीटर आला म्हणून ते थांबलेलं नाही. पण गाडीवर किलोमीटरांच्या इतक्या खुणा असतात की सगळ्या पुसणं कठीण.

सर्वांत भक्कम पुरावा सर्व्हिसच्या नोंदींचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर प्रत्येक वेळची तारीख आणि रीडिंग तिथल्या संगणकावर असतं. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून ती हिस्टरी मागवा. आकडे क्रमाने वाढलेले दिसले पाहिजेत. २०२१ मध्ये ९२,००० आणि २०२३ मध्ये ६१,००० असं दिसलं तर प्रश्नच मिटला. नोंदींमध्ये दीड-दोन वर्षांचा खड्डा असेल तर त्या काळातली बिलं मागा.

मग गाडीत बसा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची कातडी चकाकतेय, चालकाच्या सीटची दाराकडची कड दबली आहे आणि मीटर मात्र ४५,००० दाखवतोय, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. उलट, सगळं जुनं असून पेडलचं रबर आणि सीट कव्हर तेवढं कोरं असेल तरी विचार करा.

टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. चारही टायर आणि स्टेपनी बघा. २०१८ ची गाडी, मीटरवर ३५,००० आणि टायर मात्र बदलून झालेले, हे सहसा जुळत नाही, कारण पहिले टायर साधारण ४० ते ६० हजार किलोमीटर जातात. स्टेपनीची तारीख गाडीच्या वयाशी जुळते का तेही बघा. काचांच्या कोपऱ्यातही बनावटीच्या वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच नव्या वर्षाची, म्हणजे ती कधीतरी फुटली होती. दगड लागला की अपघात झाला, ते विचारून घ्या.

पाण्यात गेलेली गाडी

चेन्नईत २०१५ मध्ये, केरळात २०१८ मध्ये, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये, चिपळूणमध्ये जुलै २०२१ मध्ये आणि बंगळुरूत सप्टेंबर २०२२ मध्ये गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन, सुकवून पूर नसलेल्या गावात विकायला येऊ शकतात. पुराचं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलं की महिन्यांनी गंज धरतो. मग कधी काच खाली होत नाही, कधी हायवेवर इंजिन बंद पडतं. एअरबॅगच्या वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर ती ऐनवेळी उघडेल याचा भरवसा राहत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. नेहमी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेषा किंवा बुरशी दिसते का बघा. सीट मागे-पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांवर गंज बघा. पायाखालचं मॅटिंग उचलून हाताने चाचपा आणि वास घ्या. स्टेपनीच्या खोलगट जागेत, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात आणि हेडलाइटच्या आत सुकलेली माती शोधा. गाडीत परफ्यूमचा घमघमाट असेल तर वास कशाचा लपवलाय, हा प्रश्न पडू द्या.

ठोकलेली गाडी

बंपरवरचा ओरखडा काही सांगत नाही. बॉनेट आणि दारांचे बोल्ट सांगतात. त्यांच्यावरचा रंग उडाला असेल तर ते कधीतरी उघडले गेले आहेत. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे गोल ठिपके बघा. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर आणि एकसारखे असतात. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, हे लांब उभं राहून उन्हात बघा. संध्याकाळी किंवा पावसात गाडी बघू नका, ओल्या गाडीचा रंग नेहमीच छान दिसतो.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बिघाड आहे. मुळीच पेटला नाही तर त्याहून वाईट, कारण बिघाड लपवायला तो दिवाच बंद केलेला असू शकतो.

बॉनेट उघडल्यावर

मालकाला आधीच सांगून ठेवा: 'आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर इंजिन आधीच तापवलं आहे. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होतं का, सुरुवातीला कसा आवाज येतो आणि सायलेन्सरमधून काय निघतं, यातच अर्धी तपासणी होते.

धुराचे रंग लक्षात ठेवा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय; पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो यांपैकी काहीतरी झिजलंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असेल किंवा इंजेक्टर नीट काम करत नसतील. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचे पाइप किंवा ईजीआर व्हॉल्व्ह यांकडे बघावं लागेल.

डिपस्टिक काढा. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं होतं, त्यात काही वावगं नाही. पण ते डांबरासारखं घट्ट असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्या. इंजिन चालू असताना मेकॅनिकला ते झाकण उघडायला सांगा. थोडी वाफ चालते. धुराचे जोरदार झोत येत असतील तर रिंग आणि सिलिंडर झिजले आहेत. हे इंजिन उघडण्याचं काम आहे, 'किरकोळ' म्हणून कुणी सांगितलं तरी ऐकू नका. कूलंट मात्र इंजिन थंड असतानाच बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं पाणी तोंडावर घेणं.

आता एक नेमका प्रश्न: या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन? इनोव्हाच्या जुन्या अडीच लिटर डिझेल इंजिनात बेल्ट होता, क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनात चेन आली. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्येही बेल्टच आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं काम निघतं. जास्त फिरलेल्या गाडीत 'बेल्ट बदललाय' हे तोंडी उत्तर पुरत नाही. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

गाडीच्या खाली

जास्त फिरलेल्या एसयूव्हीचं खरं वय खालून दिसतं. म्हणून ती गॅरेजच्या रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका.

बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर आणि इनोव्हा या गाड्यांची बॉडी वेगळ्या पोलादी चासीवर बसवलेली असते. या चासीच्या दोन लांब पट्ट्यांवर नव्याने केलेलं वेल्डिंग, वाक किंवा पापुद्रे सुटणारा गंज दिसला तर पुढे जाऊ नका. क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही ५०० यांना अशी वेगळी चासी नसते. तिथे पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या जागा आणि फ्लोअर नीट बघा. रत्नागिरी, गोवा, मंगळूर किंवा चेन्नईसारख्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचं. खाली नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघायला मेकॅनिकला सांगा.

सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड या वयात झिजलेले असणारच. तो दोष नव्हे, खर्च आहे. त्याची यादी करा. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलपाशी ऑइल गळतंय का, तेही बघा. इंजिन नुकतंच धुऊन लख्ख केलेलं असेल तर गळती दिसत नाही. अशा वेळी गाडी अर्धा तास चालवून पुन्हा खालून बघा.

फोर बाय फोर गाडी असेल तर ते खरंच लागतं का, हे मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर बघा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून गाडी वळवू नका, त्याने ट्रान्समिशनवर ताण येतो. अनेक मालकांनी हा गिअर वर्षानुवर्षं हलवलेलाही नसतो आणि तो जाम झालेला असतो.

चालवून बघताना

सोसायटीभोवती एक फेरी म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. निदान अर्धा तास द्या आणि त्यात खराब रस्ता, मोकळा रस्ता आणि चढ तिन्ही येऊ द्या. गाणी बंद ठेवा.

क्लच बघायचा तर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपली आहे. न्यूट्रलमध्ये खडखडाट येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील तपासायला सांगा. ऑटोमॅटिकमध्ये पी, आर, एन, डी बदलताना झटका बसतो का आणि चढावर गिअर घुटमळतो का, ते बघा.

मोकळ्या रस्त्यावर आधी मागचा रस्ता रिकामा आहे याची खात्री करून जोरात ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढू नये, स्टिअरिंग थरथरू नये. उतारावरून गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून खाली या आणि मग अ‍ॅक्सिलरेटर द्या. त्या वेळी मागे निळा धूर सुटतो का, हे मागच्या सीटवर बसलेल्याला बघायला सांगा. टर्बोची हलकी शिट्टी चालते, सायरनसारखा आवाज नाही. गिअर बदलताना किंवा वेग सोडताना मागून 'खट्' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट झिजलेला असू शकतो. वेगानुसार वाढणारं गुणगुणणं व्हील बेअरिंगचं किंवा डिफरन्शियलचं असतं.

शेवटी गाडी उभी करून एसी पूर्ण चालू ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. तापमानाचा काटा जागचा हलू नये. याच वेळात कुणाला तरी तिसऱ्या रांगेत बसवून तिथे गार हवा पोहोचते का, विचारा. घाटात भरलेली गाडी तापली तर काय होतं, हे मे महिन्यात गावी जाणाऱ्यांना सांगायला नको.

स्कॅनर आणि आपला मेकॅनिक

एवढं सगळं घरच्यांना करता येतं. पण अंतिम निर्णय आपल्या माहितीच्या मेकॅनिककडून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्या माणसाकडून नव्हे. त्याच मॉडेलवर रोज काम करणारा मिळाला तर उत्तम. त्याला कॉम्प्युटर स्कॅन करायला सांगा. यात इंजिन, एबीएस आणि एअरबॅग यांच्या नोंदलेल्या चुका दिसतात. नुकतंच सगळं पुसलं असेल तर तेही कळू शकतं, कारण पुसल्यानंतर गाडीच्या आतल्या चाचण्या पूर्ण व्हायला काही किलोमीटर जावे लागतात. काही गाड्यांत मीटरखेरीज इतर कॉम्प्युटरमध्येही किलोमीटर नोंदलेले असतात. ते मीटरशी ताडून बघता येतात. या तपासणीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं.

भाव करताना

'शेवटचे किती?' या घासाघिशीपेक्षा कागद पुढे करा. मेकॅनिकने सांगितलेली बाकी कामं लिहा: टायर, बॅटरी, क्लच, बुश, बेल्ट, ब्रेक. सर्व्हिस सेंटरला फोन करून प्रत्येकाचा खर्च विचारा आणि बेरीज विकणाऱ्यासमोर ठेवा. भावना बाजूला राहतात आणि बोलणं आकड्यांवर येतं. शिवाय गाडीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा. सगळे पैसे गाडीतच घातले आणि दुसऱ्या महिन्यात क्लच गेला, तर तोच खर्च मुलांच्या फीमधून जातो.

आणि या गोष्टी दिसल्या तर भाव करूच नका, नमस्कार करून निघा: नंबर न जुळणं, पाण्याच्या खुणा, चासीवरचं वेल्डिंग, बंद केलेला एअरबॅगचा दिवा, बँकेची एनओसी नसणं, आरसीवरचा मालक समोर न येणं आणि 'आज टोकन द्या, संध्याकाळी दुसरा गिऱ्हाईक येतोय' ही घाई.

दुसऱ्या राज्यातून घेताना

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरूत राहणाऱ्या आपल्या वाचकांना गावाकडची एमएच पासिंगची गाडी मोहात पाडते. ती घ्यायला हरकत नाही, पण खर्च आधी मोजा. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथली नवी नोंदणी घ्यावी लागते आणि तिथला रोड टॅक्स भरावा लागतो. जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो, मात्र त्यासाठी खेटे घालायची तयारी हवी. आपल्या राज्यात किती टॅक्स बसेल ते टोकन देण्याआधी विचारा. काही वेळा स्वस्त गाडीचा सगळा फायदा त्यातच जातो.

दिल्ली पासिंगच्या डिझेल एसयूव्ही का स्वस्त मिळतात, तेही जाणून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्येही या विषयावर नवे आदेश झाले. त्यामुळे तिथली गाडी घेताना एनओसी मिळते का आणि आपलं आरटीओ ती नोंदवून घेतं का, हे त्या दिवशीच्या नियमानुसार विचारा. आणि तुम्ही स्वतः दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये राहत असाल तर नऊ वर्षांची डिझेल गाडी कितीही स्वस्त असली तरी आधी नियम, मग गाडी.

व्यवहार झाल्यावर

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या म्हणजे काम संपलं नाही. आरसीवर नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली असली तरी सरकारी नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जातो. ही तुमच्याइतकीच विकणाऱ्याचीही काळजी आहे, म्हणून नाव बदलायला दोघांनी मिळून घाई करावी. डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगा.

विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्या. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळणार नाही आणि तेवढा फरक भरावा लागेल.

मग गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलून घ्या. आधी कधी बदललं याचा वाद त्याने संपतो. एक वही किंवा मोबाइलमध्ये एक फाइल करा. प्रत्येक कामाची तारीख, रीडिंग आणि बिलाचा फोटो त्यात टाका. नोंद ठेवण्याचं काम घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाकडे द्या, ते ती आवडीने करतात. चार-पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा मीटरवर अडीच लाख असतील. समोरचा खरेदीदार तो आकडा बघून दचकेल. तेव्हा ती फाइल त्याच्या हातात द्या.